नोकरी सांभाळून गाडीत राहणं, नाशिकमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी १४ महिने एका जुन्या वॅगन आरमध्ये राहिलो. नोकरी अंबड एमआयडीसीत, क्वालिटी विभागात, तिन्ही शिफ्टमध्ये. गाव चांदवड तालुक्यात. हे कळल्यापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले फोन करून तेच तेच विचारतात. त्यातल्या काहींची अडचण खरी असते, म्हणून सगळी उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

खोली परवडत नव्हती का?

परवडत होती. नाशिकच्या सिडको भागात वन आरके ८,५०० ला मिळत होता आणि माझ्या पगारात तो बसत होता. पण गावच्या घराचं बांधकाम जोत्यावर येऊन थांबलं होतं आणि स्लॅबचे पैसे उभे करायचे होते, म्हणून मी आधी कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत फक्त खाटेचं भाडं देऊन, राहायला गेलो. एका खोलीत पाच जण, पाचांच्या शिफ्ट वेगळ्या. खोलीतला दिवा आठ महिन्यांत कधी पूर्ण बंद झाल्याचं मला आठवत नाही. थर्ड शिफ्ट (रात्रपाळी) करून सकाळी आडवा व्हायचो तेव्हा कुणाचा तरी कुकर शिट्ट्या मारत असायचा, कुणीतरी मोबाइलवर मॅच बघत असायचं. वाईट कुणीच नव्हतं, फक्त झोप नव्हती. एका रविवारी दुपारी मी खाली लावलेल्या माझ्याच गाडीत जाऊन झोपलो आणि संध्याकाळी सहाला उठलो. तिथून हा विचार सुरू झाला.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे आणि ज्यांनी ती निवडली आहे, त्यांच्यात फरक आहे. माझ्याकडे पगार होता, गावाला घर होतं, मनात आलं तर त्याच महिन्यात खोली घेता आली असती. तुमच्याकडे यातलं काहीच नसेल तर आधी नातेवाईक, मित्र, कंपनीतली माणसं यांच्याशी बोला. गाडी हा त्यानंतरचा विचार.

महिन्याला किती वाचतात?

लोकांना वाटतं तेवढे नाहीत. माझा हिशोब मांडतो.

खोली घेतली असती तर भाडं ८,५०० आणि लाईट बिल साधारण ९००, म्हणजे ९,४००. गाडीत राहताना जागेचं भाडं १,२००, जिमची फी १,०००, धुण्या-इस्त्रीचे ६००, जास्तीचं पेट्रोल ८०० आणि महिन्यातून दोन रात्री लॉज १,६००. बेरीज ५,२००. वाचले ४,२००. चौदा महिन्यांचे ५८,८०० झाले. त्याशिवाय २५,००० डिपॉझिट अडकलं नाही. जेवणाचा खर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो धरला नाही.

नुसते पैसे वाचवायचे असतील तर कॉट बेसिस जास्त स्वस्त पडतं. मी गाडी निवडली ती झोपेसाठी आणि आतून बंद करता येणाऱ्या एका दारासाठी. गाडी आधीपासून माझीच होती, हप्ता फिटलेला होता. यासाठी कर्ज काढून गाडी घेणार असाल तर हा हिशोब उलटा फिरेल.

हे बेकायदा आहे का?

स्वतःच्या गाडीत झोपणं हा गुन्हा नाही. अडचण येते ती गाडी कुठे आणि कशी उभी आहे यावरून. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी, किंवा नो-पार्किंगमधली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. तुम्ही शिफ्टला जाताना गाडी रस्त्यावर सोडून बसने गेलात, तर संध्याकाळी तुमचं घरच जागेवर नसेल.

काचांना काळी फिल्म लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यावर बंदी आणली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, असा नियम आहे. मी कापडाचे पडदे शिवून घेतले होते. ते फक्त गाडी उभी असताना लावायचो, चावी फिरवायच्या आधी काढून सीटखाली. सीटही कायमच्या काढून टाकू नका. आरसी बुकात जितकी आसनं लिहिली आहेत, गाडी तशी असावी.

दारू पिऊन गाडीत झोपलं तर चालेल ना? गाडी तर चालवत नाही.

नको. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं तर गुन्हा आहेच, चालवायचा प्रयत्न करणंही त्याच कलमात येतं. हातात चावी घेऊन ड्रायव्हर सीटवर बसलेल्या माणसाने रात्री दोन वाजता पोलिसांना काय समजावायचं? ज्यांना रोज लागते त्यांनी या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाशिकमध्ये गाडी कुठे लावायची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर ऐकून लोक थोडे नाराज होतात, कारण त्यांना एखादी गुप्त जागा हवी असते. तशी जागा नसते. असते ती माणसाची परवानगी.

पहिले तीन आठवडे मी लपत फिरलो. एक रात्र गोल्फ क्लब मैदानाच्या बाजूला, एक कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत, एक मुंबई नाक्याजवळ, दोन पाथर्डी फाट्याच्या सर्व्हिस रोडवर. रोज रात्री जागा शोधण्यात तास जायचा आणि झोपल्यावरही कान टवकारलेलेच. गल्लीत तिसऱ्या रात्री गाडी दिसली की लोकांना शंका येणारच. त्यांची चूक नाही. त्यांच्या घरात लहान मुलं असतात.

मग कंपनीतल्या एका ऑपरेटरने विल्होळीच्या अलीकडे एका मळ्यात ओळख करून दिली. मळ्यातले बाबा सत्तरीचे. मी खरं ते सांगितलं: "बाबा, खोली घ्यायची ऐपत आहे, पण घराचा स्लॅब टाकायचाय. गोठ्याशेजारी गाडी लावू द्या, रात्रीची राखणही होईल." ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पितो का?" मी नाही म्हटलं. "मग लाव." भाडं मीच ठरवलं, महिना १,२००. आंब्याचं झाड, गोठ्याचा पत्रा, विहिरीचं पाणी आणि फाटकाला कडी. पहिल्या रात्री मी नऊ तास झोपलो.

नाशिकच्या कडेकडेने अजून अशा जागा आहेत: पाथर्डी गाव, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, गंगापूर गाव. मळेवाल्यांशी सरळ बोला, कामाचं ओळखपत्र आणि आधारची झेरॉक्स स्वतःहून द्या.

तेही जमलं नाही तर चोवीस तास चालणारा पेट्रोल पंप किंवा मुंबई-आग्रा महामार्गावरचा ढाबा. दोन्हीकडे मॅनेजरला विचारून, जेवण किंवा पेट्रोल तिथेच घेऊन. नाशिक रोड स्टेशनचं पार्किंग एखाद्या रात्रीला ठीक, रोजचं महाग पडतं. हॉस्पिटलच्या आवारात लावू नका. ती जागा पेशंटच्या नातेवाइकांची आहे.

आणि पावसाळ्यात गोदाघाटावर, गौरी पटांगणावर, नदीकाठच्या कुठल्याही पार्किंगमध्ये गाडी लावून झोपू नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी चढायला फार वेळ लागत नाही. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी आलं की सगळं नाशिक बघायला जमतं, पण तोवर काठावर लावलेल्या गाड्या वाहून गेल्याचेही प्रसंग झालेत. नासर्डी आणि वाघाडीच्या काठालाही हेच लागू.

रात्री पोलिसांनी काच वाजवली तर?

दिवा लावा, दोन्ही हात दिसू द्या, काच अर्धी खाली घ्या आणि खरं सांगा. माझ्या बाबतीत दोनदा झालं, दोन्ही वेळा पाथर्डी फाट्याला. "काय रे, इथं काय करतोस?" "साहेब, अंबडला कामाला आहे, सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे, गाडीतच झोपतो." कंपनीचं कार्ड, लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी हे सगळं एका पारदर्शक पाकिटात सन व्हायझरला अडकवलेलं होतं. पहिल्या वेळी पुढे जायला सांगितलं, दुसऱ्या वेळी "पंपावर लाव, तिथं उजेड आहे" म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वाद घालू नका, निघा.

झोपायचं कसं? पाय पसरतात का?

माझी उंची पाच फूट पाच. मागची सीट पाडून, पुढची डावी सीट पूर्ण पुढे सरकवली की मध्ये खड्डा राहतो. त्यावर १२ एमएमच्या प्लायची फळी टाकली, खाली विटांऐवजी कपड्यांची एक ट्रंक टेकू म्हणून. वर चार इंची फोमची गादी, सुताराकडून गाडीच्या मापाने कापून घेतलेली. डोकं मागच्या दाराकडे, पाय पुढे. पाच-आठच्या वर उंची असेल तर लहान गाडीत तिरकं झोपावं लागतं आणि दोन महिन्यांत कंबर तक्रार करते. सीएनजी गाडी असेल तर मागची टाकी आधी मोजा, मग स्वप्नं बघा.

उतारावर गाडी लावावी लागली तर डोकं चढाकडे. सपाट दिसणारी जमीन सपाट आहे का, हे पाण्याची बाटली आडवी ठेवून कळतं.

काचा बंद करून झोपलं तर गुदमरतं का? एसी लावून झोपता येईल का?

इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण यात माणसं मरतात.

इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. एसीसाठी नाही, हीटरसाठी नाही, "फक्त अर्धा तास" म्हणूनही नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. सायलेन्सरला बारीक गळती असेल, गाडी भिंतीला लागून उभी असेल किंवा बंद शेडमध्ये असेल तर धूर आत शिरतो. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं जागेपणी कळतात, झोपेत कळत नाहीत.

कोळशाची शेगडी, छोटा गॅस, मेणबत्ती यांनाही हेच लागू. थंडीत शेगडी आत घेऊन काचा लावणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. शेगडी बाहेर पेटवा, हात शेका, विझवून मग आत या.

समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन काचा बोटभर खाली ठेवा: पुढची डावी आणि मागची उजवी. हवा फिरते. वर रेन व्हायझर बसवून घ्या म्हणजे पावसातही ती फट उघडी राहते. फटीला आतून मच्छरदाणीचं कापड लावा.

अंघोळ आणि संडास?

अंघोळीसाठी जिम. मी सिडकोतली अशी जिम निवडली जिथे सकाळी साडेपाचला शॉवर उघडा असायचा. व्यायाम झाला तर झाला. कंपनीत चेंजिंग रूम असेल तर तिथे कपाट मागून घ्या. हात-पाय धुण्याची आणि कामगारांचे कपडे ठेवण्याची सोय करणं ही १९४८ च्या कारखाना कायद्यापासून कारखान्याची जबाबदारी मानली गेली आहे, त्यामुळे मागायला लाजायचं कारण नाही.

संडासासाठी मळ्यात सोय होती. त्याआधी सुलभ शौचालय आणि पेट्रोल पंप. पंपावर शौचालय, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा मोफत द्यावी लागते. रात्रीसाठी रुंद तोंडाची, वेगळ्या रंगाची एक बाटली ठेवा. सकाळी ती शौचालयातच रिकामी करायची, रस्त्याकडेला नाही.

कुठला ऋतू जड जातो?

सगळे थंडीबद्दल विचारतात. जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून खाली. पण थंडीवर उपाय आहे. माझी सगळ्यात चांगली झोप जानेवारीतच झाली. त्रास होतो तो दवाचा. रात्रभरच्या श्वासाने काचा आतून ओल्या होतात आणि पहाटे छपरावरून थेंब कपाळावर पडतो. एक जुना सुती बनियन काच पुसायला ठेवला होता, रोज सकाळी पिळला की चमचाभर पाणी निघायचं.

पावसाळा त्याहून जड. कपडे वाळत नाहीत, गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते, चिखल आत येतो. आठवड्यातून एकदा गादी उभी करून वारा द्यायचा आणि ओले बूट गाडीत आणायचे नाहीत, या दोन गोष्टी पाळल्या तर निभतं. वळवाच्या वाऱ्यात झाडाखाली थांबू नका, फांद्या पडतात.

खरा कठीण काळ मार्चअखेर ते मे. पारा चाळिशीला टेकतो आणि दिवसभर तापलेला पत्रा रात्री अकरापर्यंत निवत नाही. मध्यरात्रीनंतर नाशिकची हवा गार होते, तेवढंच सुख. पॉवर बँक, डिओचा डबा, लायटर दिवसा गाडीत सोडू नका.

थर्ड शिफ्टवाल्याने दिवसा कसं झोपायचं?

उन्हाळ्यात गाडीत झोपूच नये. मे महिन्यात उन्हातली बंद गाडी भट्टी होते, काचा खाली ठेवल्या तरी. मी त्या दिवसांत गोठ्याच्या कडेला खाटेवर झोपायचो, मच्छरदाणी लावून. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दिवसा झोपणाऱ्याला मच्छरदाणी जास्त गरजेची. म्हशींच्या साखळीचा आवाज आठवड्यात सवयीचा झाला. अशी सावलीची जागा नसेल आणि तुमची कायम थर्ड शिफ्ट असेल, तर एप्रिल-मे खोली घ्या.

जेवण?

कंपनीत एक वेळ कॅन्टीन, एक वेळ खानावळ. गाडीत फक्त शेंगदाणे, गूळ, केळी, मुरमुरे. रविवारी सकाळी मिसळ. गाडीत स्वयंपाक करू नका, वास गादीत बसतो आणि उंदीर येतात. उंदराने वायर कुरतडली तर खर्च हजारात जातो.

कंपनीला सांगायचं का? पत्ता कुठला द्यायचा?

पत्ता खरा द्या. माझ्या आधारवर, बँकेत, पीएफला गावचाच पत्ता होता आणि तोच कंपनीत दिला. कुरिअर मित्राच्या घरी. भाडं भरत नसाल तर घरभाडे भत्त्यावरची करसवलत मागू नका, खोट्या भाडेपावत्या जोडू नका. मळ्याला दिलेले १,२०० हे घरभाडं नाही.

मी सुपरवायझरना दुसऱ्या महिन्यात सांगितलं. भीती होती की माणूस अस्थिर आहे असं समजतील. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि जिन्याखालचं एक कपाट मला दिलं. सगळ्यांचा अनुभव असा नसतो, हेही मान्य आहे. याआधीच्या एका ठिकाणी मी गाडीत एक रात्र काढल्याचं कळल्यावर माझी चेष्टा सुरू झाली आणि ती महिनाभर थांबली नाही. म्हणून सगळ्या खात्याला नाही, एकाच माणसाला सांगा. पण सांगा. रात्री काही झालं आणि तुम्ही शिफ्टला आला नाहीत, तर तुम्हाला कुठे शोधायचं हे कुणाला तरी माहीत हवं. कंपनीच्या आवारात रात्री गाडी ठेवायची असेल तर लेखी परवानगी घ्या.

घरच्यांना?

मी तीन महिने लपवलं. आई फोनवर विचारायची, "खोलीत पंखा आहे ना रे?" आणि मी हो म्हणायचो. त्या "हो"ने मला जेवढं जागं ठेवलं तेवढं डासांनीही नाही. दिवाळीला गेलो तेव्हा गाडीच उघडून दाखवली. आई दार धरून उभी राहिली. फळीवर हात फिरवला, गादी दाबून बघितली, काही बोलली नाही. निघताना तिने तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी मागच्या सीटवर ठेवली, गाडीच्या रुंदीला बरोब्बर बसेल अशी दुमडून. जानेवारीतल्या त्या चांगल्या झोपेचं कारण ती गोधडी होती.

लवकर सांगा. मी पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं.

बाईमाणसाला हे जमेल का?

याचं पूर्ण उत्तर द्यायचा अधिकार माझा नाही. आमच्याच एमआयडीसीतल्या एका ताईंनी चार महिने काढले, त्यांना विचारून लिहितोय. त्या कधीही रस्त्यावर थांबल्या नाहीत. ओळखीच्या कुटुंबाच्या बंगल्याच्या आवारात, फाटकाच्या आत, आणि त्या घरातल्या काकूंकडे गाडीची दुसरी चावी. चालकाची सीट रात्रीही मोकळी, म्हणजे उठून थेट निघता येईल. झोपायच्या आधी बहिणीला लोकेशन. ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे दोन्ही नंबर स्पीड डायलवर. "कुटुंबाचं आवार नसतं तर मी केलं नसतं," असं त्या म्हणाल्या.

गाडी गॅरेजला गेली तर?

त्या रात्री घरही गॅरेजला जातं. यासाठी ५,००० वेगळे ठेवा आणि त्याला हात लावू नका. माझी क्लच प्लेट गेली तेव्हा तीन रात्री लॉजवर काढल्या. सर्व्हिसिंग सुट्टीच्या दिवशी सकाळी. विम्याची पॉलिसीही वाचा: मोटार विम्यात सहसा गाडीतलं सामान धरलेलं नसतं, त्यामुळे लॅपटॉप, मूळ कागदपत्रं, दागिना गाडीत ठेवू नका.

सिंहस्थ कुंभमेळ्यात काय होईल?

ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. त्या काळात पंचवटी, तपोवन, त्र्यंबक रोड या बाजूला पार्किंगचे नियम रोज बदलू शकतात. पर्वणीच्या आसपास शहरात गाडीत राहायचा विचार सोडा. ज्यांची नोकरी अंबड, सातपूर किंवा सिन्नरला आहे त्यांनी शहराच्या बाहेरच्या बाजूला, कामापासून जवळ खाजगी जागा आत्ताच बोलून ठेवावी.

थांबायचं कधी, हे कसं ठरवलं?

सुरुवातीलाच आकडा ठरवला होता: स्लॅबला कमी पडत होते ६०,०००. चौदाव्या महिन्यात जवळपास तिथवर आलो. मध्ये एकदा, सातव्या महिन्यात, सलग चार दिवस कुणाशी कामाव्यतिरिक्त एक वाक्यही बोललो नव्हतो हे माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबांच्या ओट्यावर अर्धा तास बसायचं ठरवलं. ते कांद्याच्या भावाबद्दल बोलायचे, मी ऐकायचो. ते नसतं तर मी आठव्या महिन्यात खोली घेतली असती, आणि ते बरोबरच झालं असतं. वजन उतरायला लागलं, चिडचिड वाढली, मशीनवर डुलकी लागली, यातलं एक जरी दिसलं तरी आकड्याची वाट बघू नका.

मला सुरू करायचंय. पहिली रात्र कुठे काढू?

खोली सोडू नका. एका शनिवारी तुमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, वॉचमनकाकांना सांगून, गाडीत झोपा. मोबाइल, पाणी, रात्रीची ती बाटली, पांघरूण सगळं घेऊन, आणि रात्रीत वर जायचं नाही. असे चार शनिवार करा, त्यातला एक पावसाचा असला तर उत्तम. चौथ्या रविवारी सकाळी कंबर, डोकं आणि झोपेचे तास वहीत लिहा. मग घरी फोन करा, आणि त्यानंतर खोलीमालकाला.